न दिलेली खिशी

प्रिय ताई,

तू सुटलीस, आणि इथं तुझी सारिका माझ्याशी बोलत नाही. अंगण एक, नळ एक. मी भांडी घासायला बसले की ती उठून जाते. आठ दिवस झाले. पोरीने तोंडावर शिव्या द्याव्यात, तुझ्यासारख्या. तेही नाही.

म्हणून तुला लिहिते. चौथी शिकलेली बाई मी, चुका असतील. या वेळी कुणाकडून नीट करून घेतलेलं नाही.

माझा ब्लॉग तुला माहीत होता. सारिकानेच काढून दिला. मी बोलायचं, मोबाईलने लिहायचं, मग एआयला सांगायचं, नीट कर. लोणचं, पापड, कळण्याची भाकरी. तू भिंतीपलीकडून टोमणा मारायचीस, "मोबाईलले सयपाक शिकाडी ऱ्हायनी का वं?" मी उत्तर देत नव्हते. तीन वर्षं दिलं नाही. सख्ख्या जावा आपण, आणि भांडण कशावरून, तर पापड वाळवायच्या खाटेवरून. सांगायलाही लाज वाटते.

प्रकाश्याला तापीकाठी तुझा दहावा करून आलो आणि मी तुझ्यावर लिहायला बसले. खरं तेच बोलले. तू अंथरुणाला खिळलेली. मी अंगणात पापडासाठी नागलीच्या पिठाची खिशी शिजवत होते, वास आत गेला. तू हाक मारलीस, "खिशी व्हयनी का? जराशी गरमगरम दे ना वं."

मी ऐकलं. उलथनं आपटलं आणि पापड लाटत राहिले. चौथ्या दिवशी तू गेलीस.

हे सगळं बोलले, आणि शेवटी म्हटलं, जरा चांगलं करून दे, लोक वाचतील. त्याने चांगलं केलं. त्यात मी तुझ्या उशाशी बसले होते आणि खिशीचा शेवटचा घास तू माझ्या हातून खाल्लास.

यंत्राला काय बोलू? त्याला काय ठाऊक? पण मला वाचता येतं ना, ताई? मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा रडले. वाटलं, असंच झालं असतं तर. आणि ब्लॉगवर टाकलं.

लोकांनी लिहिलं, अशी जाऊ सगळ्यांना मिळो. मी सगळ्यांना जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

सारिका वाचून अंगणात आली. "काकू, मी तठेच व्हती. तू मन्ही मायले कव्हय खावाडं?" एवढंच. तुला चमच्याने पाणी पाजत तीच बसली होती, आणि तिची ती जागा मी माझी करून घेतली.

लेख अजून तसाच आहे. काढला तर लोक विचारतील, या भीतीने. पण आता काढते. पुन्हा लिहीन, मीच, उलथन्यासकट. आधी सारिकाला वाचून दाखवीन. ती नको म्हणाली तर माझ्यापाशीच राहील. हा शब्द.

आता तू मला एक सांग. आखाजीच्या सणाला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाची घागर भरतात, तुझी ही पहिलीच. घागर सारिका भरेल. नागली मी दळून आणली आहे. घागरीपाशी खिशी ठेवू का? घेशील माझ्या हातची? सपनात ये, शिवी दे, पण आखाजीच्या आदल्या दिवसापर्यंत सांग. सकाळी पातेलं चढवायचं की नाही, मला कळायला हवं. आणि हळू बोललीस तरी चालेल. त्या दिवशीही मला नीट ऐकू आलं होतं.

तुझी धाकटी जाऊ,
विमल