हलव्याचे दागिने

डोंबिवली, रविवार, १८ जानेवारी १९५३

आज सुमनचं आमच्याकडचं पहिलं हळदीकुंकू. नवी सून, काळी चंद्रकळा, अंगावर हलव्याचे दागिने. घरभर बायका आल्या होत्या. सगळं छान चाललं होतं. मग तिने ते दागिने उतरवले आणि साधं पातळ नेसून माजघरातून बाहेर आली. मी कुंकवाचा करंडा घेऊन दाराशीच उभी होते. तिच्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि विचारलं, "कुणाकडची गं तू? वाण मिळालं का?"

ती हळूच म्हणाली, "आई, मी सुमन."

बायका हसल्या. मीही हसले, थट्टा केल्यासारखी. पण थट्टा कुठली. मार्गशीर्षात लग्न होऊन आली, रोज माझ्यासमोर जेवते. म्हणजे दुपारभर मी त्या दागिन्यांनाच सून समजत होते?

हे म्हणाले, चष्मा बदल. चष्म्याचा काय दोष? त्याच चष्म्यातून ठाण्याची काशी दारात दिसताक्षणी ओळखली, आणि तिला तर आम्ही ठाणं सोडल्यापासून पाहिलं नव्हतं. जुने चेहरे जागचे हलत नाहीत. या तरुण पोरी मात्र सगळ्या सारख्याच दिसतात. नवं काही मनात ठसतच नाही आता. यापुढे ठसेल, असंही वाटत नाही.

दागिने डब्यात भरताना सुमन माझ्याकडे पाठ करून बसली होती.

उद्या सकाळी जी चहा घेऊन येईल, तिला मी सुमन म्हणेन. घरात दुसरी कोणी नाही, म्हणून.