वाढत्या अंगाचं पिल्लू

माय, घरात कुत्र्याचं पिल्लू आलंय. आधी पोटभर हसून घे. कुत्रं उंबऱ्याच्या आत डोकावलं तरी लाटणं घेऊन धावणारी तू, आणि तुझ्या लेकीच्या जळगावच्या फ्लॅटमध्ये ते पंख्याखाली चारी पाय पसरून झोपतं. तुझ्या नातवाने आणलं, धुळ्याहून, तो तिथे नोकरीला असतो. तुझ्या जावयांना अर्धांगाचा झटका येऊन गेला, उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणंही अडखळतं, तर बाबांचं मन रमेल म्हणून. विकणारा म्हणाला होता, बुटकी जात आहे, मांजरापेक्षा थोडंच मोठं होईल. म्हटलं, ठीक आहे बाबा, येऊ दे.

इथली जनावरांची डॉक्टरीण तरुण पोर आहे. तिने पिल्लाचा पुढचा पंजा आपल्या तळहातावर घेतला, मानेचं सैल कातडं ओढून पाहिलं आणि म्हणाली, "काकू, तुम्हाला फसवलं हो. यात लॅब्रेडॉरचं रक्त आहे." मग समजावून सांगितलं. छोट्या जातीची पिल्लं आठ-दहा महिन्यांत वाढायची थांबतात, मोठ्या जातीची दीड वर्ष वाढत राहतात. शुद्ध जात असती तर आईबापावरून सांगता आलं असतं, मिश्र असलं की चार महिन्यांचं वजन घ्यायचं आणि साधारण दुप्पट धरायचं. "तरी अंदाजच हं," म्हणाली. ती पंजा धरून बसली होती आणि मला तूच आठवलीस. सावद्याच्या शिंप्याच्या ओट्यावर मी उभी आहे, सात-आठ वर्षांची, आणि तू माझं पाऊल त्याला दाखवते आहेस, "पाय पाहा ना भाऊ पोरीचे! ताडमाड वाढनार ही. वाढत्या अंगाचा शिवा, खाली चांगली दुमड घाला." तो फ्रॉक मला घोट्यापर्यंत यायचा, पोरी शाळेत परकर परकर म्हणून चिडवायच्या. ती दुमड कधी उसवावी लागलीच नाही, माय. मी पाच फुटांवर थांबले. आणि वर तू मलाच बोलायचीस, "खाल्लेलं जातं कुठं वं तुझं?" जसं काही मी मुद्दामच वाढले नाही!

तुझा अंदाज चुकला तसा हिचाही चुकेल, या आशेवर मी राहिले. चार महिन्यांचं झाल्यावर काट्यावर ठेवलं, तर चौदा किलो. म्हणजे दुप्पट धरलं तर अठ्ठावीस, तांदळाचा एक कट्टा घरभर उड्या मारत फिरणार. परवा दाराची घंटी वाजली तसं ते सुसाट धावलं आणि ह्यांच्या काठीलाच धडकलं. हे भिंतीला टेकले म्हणून निभावलं. पडले असते तर माझ्याच्याने उचलले जात नाहीत गं. आंघोळ, मालिश, हातापायांचा व्यायाम, भरवणं, रात्री उठवून नेणं. इतकी दमले आहे ना माय, की दमले म्हणायचाही कंटाळा येतो. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, यावलला माझ्या मित्राची केळीची बाग आहे, तिथे मोकळं राहील. रविवारी येतो आणि घेऊन जातो." मी लगेच म्हटलं, "नको रे, बाबांना चुकल्याचुकल्यासारखं होईल." फोन स्पीकरवर होता. हे खुर्चीतून ऐकत होते. जड जिभेने एकेक अक्षर ओढत म्हणाले, "दे... ऊन... टाक." मी फणकारले, "तुम्ही गप्प बसा हो! तुम्हाला काय कळतंय तुमचं मन!" तर अर्ध्या तोंडाने हसले. ते तसे हसले आणि माझी चोरी पकडली गेली.

हे मी तुझ्याकडूनच शिकले आहे. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून तू भरीत करायचीस, मिरच्या ठेचताना डोळ्यांतून पाणी काढायचीस, आणि कुणी विचारलं तर नवऱ्याचं नाव पुढे करायचीस, "नानांले आवडतं म्हनून." नाना दोन घास खाऊन आंबट ढेकर द्यायचे. भाकरीने परात पुसून खायचीस ती तू. 'मला हवं' असं तुझ्या तोंडून मी जन्मात ऐकलं नाही, आणि माझ्या तोंडून माझ्या मुलानेही नाही. पण बाजारातून आले, की किल्ली लावायच्या आत दारापलीकडे नखं वाजतात. गोळी दिली का, बिल भरलं का, काही विचारत नाही, नुसतं अंगावर झेपावतं. मी खाली फरशीवरच बसते, त्याचं डोकं मांडीवर घेते, आणि तेवढा वेळ मला कुणाचं काही करायचं नसतं. जाळीचं दार लावून घेईन, ह्यांच्या वाटेतून दूर राहायला शिकवीन. ह्यांच्यासाठी नाही गं माय. मला हवंय ते. तीस किलोंचं झालं तरी हवंय.

रविवारी मुलगा येईल तेव्हा त्याला हेच सांगायचं आहे. तू तर केव्हाच गेलीस, हे पत्र तुला कधी मिळणार नाही, म्हणून लिहिता तरी आलं. तोंडाने म्हणायला मात्र अजून जीभ रेटत नाही.