पहिल्या चटईचा मान

लातूर,
८ फेब्रुवारी २०२६

प्रिय दिलशादआपा,

सलाम घ्या, आणि सवयीनं नमस्कारही. गुडघा कसा आहे? लक्ष्मम्माकडून तेल चोळून घेताय ना, की "हाय बरं" म्हणून तिलाही टोलवताय?

इकडं सगळं ठीक. जिच्या कॉलेजसाठी लातूरला आले, त्या माझ्या मनस्विनीची बारावीची परीक्षा तोंडावर आलीय, त्यामुळं घरात कुकरची शिट्टीसुद्धा दबकून वाजते. आणि हो, यंदा ईदला माझ्यासाठी शीरखुर्म्याची वाटी झाकून ठेवू नका. का, ते सांगते. फोनवरही सांगता आलं असतं, पण तुमचा आवाज ऐकला की मी काहीतरी गोड खोटं बोलून मोकळी होते.

आपल्या केळीच्या धाग्याच्या चटयांची ऑर्डर बंद का झाली, हे तुम्ही सारखं विचारता. माल खराब नव्हता, आपा. गरीब देशांच्या मालावर युरोपात जकात कमी घेतात. आपल्या विणलेल्या मालावरची ती सवलत जानेवारीत उठली. आपला देश या धंद्यात मोठा झाला म्हणे! अर्धापूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून धागा काढणाऱ्या आपण मोठ्या झालो, आणि आपल्यालाच पत्ता नाही. तुम्ही म्हणाल, "मोठं केलं, न् ताटावरनं उठवलं."

नेपाळच्या मालाला मात्र अजून जकातच नाही. केळी तिथंही होतात. आपला तो हॉलंडचा खरेदीदार आता तिकडं शेड टाकतोय. दिवाळीनंतर तो आला तेव्हा तुम्ही कौतुकानं त्याला माझी पहिली चटई बसायला दिलीत. चहा निवून गेला, पण त्याचं बोट कोपऱ्यावरून हलेना. तो आपला बिनगाठीचा कोपरा. आधी तुमच्या सासूबाईंच्या हातातला, मग तुमच्या, मग माझ्या.

तो कोपरा नेपाळातल्या बायकांना शिकवायला त्यानं मला बोलावलंय. मनस्विनीचे पेपर संपले की निघायचं.

मी हो म्हणाले, आपा. तुम्हाला न विचारता.

आपली शेड बंद पडलीय, पोरीला पुढं शिकायचंय, ही कारणं खरी आहेत. पण विचारलं असतं तर तुम्ही अडवलं नसतं, हेही मला ठाऊक होतं, आणि त्याचीच जास्त लाज वाटते. "जा बेटा, हुनर काय कुणाच्या बापाचा हाय?" एवढंच म्हणाला असतात. लक्ष्मम्मासकट शेडमधल्या सगळ्याजणी रिकाम्या हातानं बसल्यात, हे तुमच्या तोंडून आलं नसतं. तिथल्या बायकांचा हात एकदा बसला की ती ऑर्डर आपल्याकडं परत यायची नाही. आणि तो हात मीच बसवून येणार आहे.

शिकणारीनं पहिली चटई विकायची नाही, शिकवणारीला बसायला द्यायची, हा तुमचा रिवाज. तो मी तिथंही सांगेन. मग प्रत्येकीची पहिली चटई माझ्यापुढं येईल. तिच्यावर मी बसू कशी?

परत आले की आधी अर्धापूरला येईन. तुमच्या बैठकीत माझी चटई अंथरलेली नसली, तर काही विचारणार नाही. उंबऱ्यातूनच सलाम करून मागं फिरेन.

अजून स्वतःला तुमची शागीर्द म्हणवणारी,
विशाखा