अडीचमधला ठिपका

बाई, आज मी पुन्हा नको ते छिद्र बुजवलं. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "काहून वं, घाई कशाची होती तुले?" माझ्याकडे टेबलावर मावणारं एक छपाईयंत्र आहे, प्रिंटर म्हणतात त्याला. त्यात शाईची एक लहानशी डबी बसते. संपली की लोक नवी आणतात, पण मी तुमच्या हाताखाली शिकलेली, रिकामी डबी फेकायला माझा जीव होत नाही. वरचं लेबल सोललं की खाली बारीक छिद्रं दिसतात. त्यातल्या एकातून मी सुईने शाई भरली आणि कुठूनही गळू नये म्हणून गरम गोंदाने सगळी छिद्रं एकजात बंद करून टाकली. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! कागद लावला, चार ओळी काळ्याभोर आल्या, पाचवी फिकट, सहावी कोरी. बर्डीच्या बाजारातल्या दुकानदाराला फोन केला तर तो हसायलाच लागला. "काकू, हवेचं छिद्र पण बुजवलं काय तुम्ही? आत हवा नाही गेली त शाई खाली कशी येईन?" मी फोन ठेवला आणि डबी पुन्हा हातात घेतली.

महाल भागातला तुमचा टायपिंगचा क्लास आठवला, भांड्यांच्या दुकानावरचा. खालून पितळेवर ठोकल्याचे आवाज, वर आमच्या सहा टाइपरायटरांची खडखड. मी भिवापूरहून आलेली, मावशीकडे राहणारी. वडिलांनी वर्षभराची मुदत दिली होती. परीक्षा पास होऊन नोकरी लागली तर ठीक, नाहीतर गुमान परत यायचं, घरच्या मिरचीची देठं खुडायची आणि ते दाखवतील त्या घरी लग्न करून जायचं. तुमच्याकडून माझी एक तक्रार गेली असती तर मुदत त्याच दिवशी संपली असती. सकाळी शिकायचं आणि दुपारी सायक्लोस्टाइलच्या कामात तुम्हाला हात द्यायचा, असं आपलं ठरलं होतं. आता कुणाला सांगायला गेलं तर स्टेन्सिलपासून सुरुवात करावी लागते. मेण चढवलेला पातळ कागद, टाइपरायटरची अक्षरं त्याला कापत जातात आणि कापलेल्या जागेतून शाई खालच्या कागदावर उतरते. पण कागद जुना असला, त्यात आपला उन्हाळा, की मेण तडकून नको तिथेही बारीक छिद्रं पडायची आणि प्रत्येक प्रतीवर काळे ठिपके उमटायचे. ती बुजवायला लाल औषधाची छोटी बाटली होती, झाकणालाच ब्रश असलेली. तुम्ही स्टेन्सिल खिडकीच्या उजेडात धरायचात, मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहायचात आणि मगच ब्रश टेकवायचात. "आधी पाह्यचं, मंग बुजवायचं. छिद्र दिसलं म्हंजे ते फालतूच हाये असं नाही." तुमचा ठिपका खसखशीच्या दाण्याएवढा आणि गोल यायचा. माझा पसरायचा, आणि मी डावखुरी म्हणून हात मागे घेताना त्याला डावीकडे एक शेपूट निघायचं. "पाहा, पळाला हिचा उंदीर," असं म्हणून तुम्ही सगळ्या क्लाससमोर मला चिडवायचात. मला राग यायचा, पण हसूही यायचं.

ते काम कापसावरच्या फवारणीच्या पत्रकाचं होतं, सावनेरकडच्या एका शेतकी सोसायटीचं. कोणत्या किडीला कोणतं औषध आणि दर पंपाला किती, एवढंच त्यात होतं. टाइप तुम्ही केलं. पहिली कच्ची प्रत काढली तर ती ठिपक्यांनी भरलेली. तुम्ही पाच-सहा छिद्रं बुजवलीत, तेवढ्यात खालून कुणी हाक मारली आणि तुम्ही जिन्याने उतरलात. मला बुजवायला सांगितलेलं नव्हतं. सोसायटीचा माणूस दारात उभा होता, एसटीची वेळ झाली म्हणून सारखा घड्याळ बघत होता. मी स्टेन्सिल उचलून उजेडात धरली. मधोमध एक छिद्र लखलखत होतं, टाचणीने टोचल्यासारखं. पूर्णविरामाचा ठोका जोरात बसला की स्टेन्सिलला असंच आरपार भोक पडतं, हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी डोक्यात एकच होतं, बाई वर येतील तेव्हा काम तयार हवं. हस्तलिखित शेजारीच पडलं होतं, मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ब्रश टेकवला, फुंकर मारली, बाटली बंद केली. तुम्ही आलात, स्टेन्सिल चढवली, हँडल फिरवायला लागलात. माणूस गठ्ठे घेऊन गेलाही.

प्रत्येक कामाची पहिली प्रत खिळ्याला लावायची आणि कुणीतरी ती मोठ्याने वाचायची, हा तुमचा नेम. गठ्ठे बाहेर जाण्याआधी व्हायची ती वाचणी. त्या दिवशी राहून गेली म्हणून तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाचायला बसवलंत. मी वाचते आहे, तुम्ही चहा गाळता आहात. "दर पंपाला पंचवीस मिली," मी म्हणते, आणि गाळणी तुमच्या हातात तशीच राहते.

"अडीच," तुम्ही म्हणता.

"बाई, इथं पंचवीस आहे."

तुम्ही कागद हातात घेतलात. दोन आणि पाच यांच्यामध्ये, जिथे दशांशाचा ठिपका हवा, तिथे एका अक्षराएवढी जागा कोरी होती. म्हणजे औषध दहापट. "लोकायची पराटी, सारी कपाशी जळून जाईन वं," तुम्ही हळूच म्हणालात, "अन् फवारनाऱ्याचं काय होईन?" मग कपाटातून ती स्टेन्सिल काढून खिडकीशी नेलीत आणि बराच वेळ उजेडात धरून उभ्या राहिलात. मी फरशीकडे बघत होते. आता विचारतील, आता विचारतील. तुम्ही वळलात आणि म्हणालात, "माझ्याच हातून झालं हे. चल, चप्पल घाल."

आपण सावनेरची एसटी धरली. मी मनात देवाला काय काय कबूल केलं ते आता सांगायला लाज वाटते, त्यातलं निम्मं फेडलेलं नाही. सोसायटीच्या ओसरीवर पोचलो तर शिपाई आपल्याच गठ्ठ्यांवर बसून पान लावत होता. सुतळीची गाठसुद्धा सुटलेली नव्हती! सभा दुपारची होती, शेतकरी अजून यायचे होते. सचिव मात्र खवळला. "बाई, एवढ्या शिकल्या-सवरल्या तुम्ही! लोकायचं शिवार उभं जाळलं असतं ना!" तुम्ही सरळ त्याच्याकडे पाहून सांगितलंत, "चूक माझी हाये. नवा चष्मा, बुजवताना समजलं नाही." मी तुमच्या पदराच्या मागे उभी होते. तोंड उघडायला तेवढाच वेळ होता आणि मी तो जाऊ दिला. मग आपण दोघी ओसरीवर मांडी घालून बसलो आणि एकेका प्रतीवर पेनाने ठिपका देत गेलो. शेवटचा गठ्ठा बांधला तेव्हा पहिली बैलगाडी अंगणात शिरत होती. परतताना स्टँडवर तुम्ही गरम भजी आणि तळलेल्या मिरच्या घेतल्यात. एक मिरची दातांनी तोडून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. "सुटलो वं पोरी!"

दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही ती लाल बाटली माझ्या हातात दिलीत. "आजपासून छिद्रं तूच बुजवायची. माझ्या डोळ्याचा काही भरवसा नाही राह्यला." त्या वाक्याने मला वर्षानुवर्षं छळलं आहे, बाई. माझ्या भित्रेपणापायी तुमचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गेला, असं मी धरून चालले. त्यानंतर मात्र हस्तलिखिताशी ताडल्याशिवाय मी एकही छिद्र बुजवलं नाही. परीक्षा पास झाले, कन्हानला नोकरी लागली, भिवापूरची मिरची फक्त जेवणापुरती उरली. तुम्ही आजारी असताना सांगायचं ठरवून भेटायला आले होते. तासभर बसले, मावशीच्या गुडघ्यांबद्दल बोलले आणि उठले. पुढे तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी बाळंतपणासाठी माहेरी होते, आणि सांगायचं ते राहूनच गेलं.

आज हवेच्या छिद्रावरचा गोंद नखाने खरवडायला घेतला आणि थांबले. गोंदाचा थेंब पसरलेला होता आणि त्याला डावीकडे शेपूट होतं. तुमचा उंदीर! इतकी वर्षं झाली, हात तोच आहे. मग एकदम लख्ख दिसलं की त्या सकाळी खिडकीशी तुम्ही काय बघत होतात. तुमचे पाच-सहा गोल दाणे, आणि मधोमध शेपटीवाला एक. तुम्हाला विचारायची गरजच नव्हती. आणि डोळ्यांचं म्हणाल, तर बाटली दिलीत त्याच दुपारी तुम्ही चष्म्याशिवाय पोलक्याला बटण लावलं होतंत, सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवला होतात. मी समोर बसले होते आणि मला काही कळलं नाही. म्हणजे तुमचा विश्वास कुठेच गेला नव्हता. बाटली तुम्ही मला शिकवायला दिली होतीत, आणि मी ती शिक्षा समजून वागवत राहिले. मी रडले थोडी. पण छातीवरचं काहीतरी उतरलं, आणि मग मलाही, मिरची खाताना तुम्हाला आलं होतं तसं, हसू आलं.

डबी आता नीट चालते. शाई भरायचं छिद्र बंद, हवेचं उघडं. तिनेच हे पत्र छापलं आहे, अक्षरं काळीभोर आली आहेत. पाठवायला पत्ता नाही, म्हणून तुमच्या नेमाप्रमाणे पहिली प्रत खिळ्याला लावते आहे. उद्या सकाळी चहा गाळायच्या आधी ती मोठ्याने वाचीन. चुका निघतील, निघू देत. एवढं एक वाक्य मात्र नीट ऐका, तुम्हाला ठाऊक असलं तरी. बाई, तो ठिपका मी बुजवला होता.