पडद्यावर वितळलेली कॉईल

जालना, १२ डिसेंबर १९९८

तीर्थस्वरूप रखमाजीमामांस,

सर्जेरावाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मामींचे गुडघे कसे आहेत? (माझे उत्तम.) विशेष म्हणजे मला बढती मिळाली. कशी, ते सविस्तर सांगतो.

आमच्या भागचंदशेठच्या कारखान्यात तांब्याच्या कॉईलमध्ये लोखंडी गज ठेवतात. कॉईलमधून वीज गेली की विस्तवाशिवाय गज लाल होतो. (तुम्ही मागं बघून चेटूक म्हणाल्ते, तेच.) पण तो वरून लाल अन् आतून कच्चा राहायचा, घणाखाली तडकायचा. आपल्या धावडा गावचे भुजंगकाका वीस वर्षांपासून त्या कामावर. ते म्हणायचे, वीज कमी करा, वेळ द्या. शेठला जल्दी. मी बोलून गेलो की हे कॉम्प्युटरवर आधी करून बघता येतं. शेठनं आठवड्यात कॉम्प्युटर आणला अन् म्हणाले, "आता गज तडकला तर तू धावड्याला."

मामा, गणित बेकार आहे. विजेनं लोखंड तापतं, तापलं की त्याचा गुण बदलतो, गुण बदलला की विजेचं वागणं बदलतं, मंग तापणंही बदलतं. कॉम्प्युटर याचं त्याला अन् त्याचं याला विचारत तीन दिवस बसला. (दोनदा लाइट गेली, दोनदा पहिल्यापासून.) शेठनं दारावर 'आत लोखंड तापत आहे' अशी पाटी लावली. त्यांच्या आई लाडबाई येऊन पडद्यापुढं हात शेकून गेल्या.

चौथ्या दिवशी पडद्यावर गज राहिला बाजूला, कॉईलच लाल, पिवळी, पांढरी झाली. शेठ ओरडले, "भागो! कॉईल वितळली!" साठ माणसं रस्त्यावर. खरी कॉईल आत थंडगार, वर कोणाचा तरी जेवणाचा डबा. आगीचा बंब आला. बंबवाल्यानं आग विचारली, शेठनं पडदा दाखवला. आलोच आहोत तर काही करावं, म्हणून त्यानं कीबोर्डवर बादलीभर वाळू ओतली. मंग मला आठवलं, कॉईलच्या पोटातून थंड पाणी फिरतं हे कॉम्प्युटरला सांगायचंच राहिलं होतं. (हे तुमच्यापाशीच ठेवा.)

सगळे बाहेर असताना भुजंगकाकांनी डबा उचलला, वीज निम्मी केली अन् गज नऊ मिनिटं तापवला. घणाखाली तो लोण्यासारखा दबला. मी वाळू झटकली, कॉम्प्युटरातल्या कॉईलमध्ये पाणी सोडलं, काकांची निम्मी वीज भरली. कॉम्प्युटर म्हणाला, नऊ मिनिटं, बराबर. शेठनं त्याला हार घातला अन् मला बढती दिली. काकांनी टोपी घातली अन् निघून गेले.

आपला भाचा,
सर्जेराव

ता. क. – काका चार दिवसांपासून गावातच असतील. मंगळवारी जाड गज येणार आहे अन् कॉम्प्युटर म्हणून राह्यला, दोन सेकंद. त्यांना पहिल्या गाडीत बसवून द्या.

ता. क. २ – पत्र टाकायचं राहिलं. काका विचारतील, पोरानं शेठपुढं तोंड का उघडलं न्हाई. भ्यालो, मामा. आज सकाळी उघडलं, नऊ मिनिटं काकांचीच म्हणून सांगितलं. बढती गेली, नोकरी मंगळवारपर्यंत आहे. कागद वाया जाऊ नये म्हणून वरचं तसंच ठेवलं. आईला मात्र बढतीचं आधीच कळवून बसलोय. ती पेढे घेऊन गावात निघाली असंल, तर तिला पहिल्यांदा भुजंगकाकांच्याच घरी न्या.