काळं पिस्तूल का खपेना

आत्याबाई, काल दुकानात तुमची नातसून कपाळाला हात लावून बसली होती. दिवाळी तोंडावर आलेली. लेकरांची टिकल्या फोडायची पिस्तुलं तिने भरपूर आणली, त्यातली पत्र्याची साधी पिस्तुलं दोन बाजारांत संपत आली, आणि निळी, दिवे लागणारी, दाबलं की आपोआप ठो-ठो-ठो करणारी मात्र हालायला तयार नाहीत. मला म्हणाली, "आई, यात काय कमी हाये सांगा बरं? दिवा हाये, आवाज हाये, टिकलीचाबी खर्च नाई. तरी काहून नाई घेत कोनी?" आणि मला जे हसू सुटलं ते आवरेचना. बिचारीला वाटलं, सासू आपल्या फजितीला हसते आहे. तिला कसं सांगू, की कामरगावच्या याच फळीपुढे उभी राहून मी हाच प्रश्न तुम्हाला विचारला होता, आणि तेव्हा मला हसू नाही, रडू येत होतं. म्हणून आज दुपारी दुकानात सामसूम आहे तोवर हे तुम्हालाच लिहायला घेतलं.

मोठ्या दुष्काळानंतरची ती पहिली बरी दिवाळी. मी अनसिंगहून लग्न होऊन तुमची सून म्हणून तुमच्या घरी आले त्याला वर्षही झालं नव्हतं. घरातले पुरुष शेतात, आणि गावातलं कटलरीचं दुकान एकट्या तुमचं. कंगवे, रिबिनी, बांगड्या, आरसे, सुईदोरा, आणि सणाच्या आधी खेळणी. त्या दुकानात तुम्ही कुणाला बसू देत नव्हता. लाकडी फळीवर पोत्याची चौपदरी घडी, त्या घडीवर तुम्ही, आणि बाजूला कुणाला टेकायलाही जागा नाही. मी तुमचा डबा घेऊन यायचे, उभ्या उभ्या सगळं डोळ्यांनी खायचे आणि रिकामा डबा घेऊन परत चुलीपुढे. मला चुलीचा राग नव्हता हो. पण त्या दुकानात दिवसभर माणसं येत, बोलत, हसत, घासाघीस करत, आणि घरी मात्र मी आणि फोडणी. एकदा धीर करून मी तुम्हाला म्हटलं, "मी बी बसू का दुकानात?" तुम्ही हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दिवाळीच्या मालाला अमरावतीला निघालात तेव्हा नुसतं म्हणालात, "लुगडं नीट नेस. तुले यायचं हाये."

एसटीत खिडकीची जागा तुम्ही मला दिली, आणि नेर-धनजकडचे कापसाचे गाडे बघत मी हरखून गेले असताना तुम्ही मध्येच बोललात. "आईक. सारा माल मी घेईन. एक माल तुह्या मनाचा घे. दिवाळीच्या सांजेपर्यंत खपला, तं माह्या बाजूले बसजो. नाई खपला, तं चूल तुही अन् दुकान माहं. मंग पुन्हा तोंड वाकडं करू नोको." एवढं बोलून तुम्ही डोळे मिटलेत ते थेट अमरावती येईपर्यंत. मी मात्र त्या वाटेत एकदाही डोळा लावला नाही.

ठोक दुकानात पिस्तुलांचा ढीग होता. चंदेरी पत्र्याची, हलकी, एकेक टिकली ठेवून फोडायची. लाल मुठीची, जराशी ठेंगणी. आणि एका खोक्यात ती काळी. ओतीव, गुळगुळीत, टिकल्यांचं अख्खं रीळ पोटात घेणारी. दुकानदाराने रीळ घालून एक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "चालवा बाई." मी चालवलं. आत्याबाई, काय तो आवाज! आणि काय ते वजन! माझे वडील विळा घ्यायचा असो, तवा असो की कुऱ्हाडीचं पातं, हातात तोलून बघायचे आणि जड असेल तेच घरी आणायचे. आमच्या घरी हलकी वस्तू म्हणजे फसवणूक, हे मला बाराखडीच्या आधी शिकवलेलं. मी म्हटलं, हे काळंच. तुम्ही ते एका बोटावर उचललंत, खाली ठेवलंत आणि म्हणालात, "लेकराचं खेळनं घेऊन राह्यली का विळा घेऊन राह्यली वं?" मी मान खाली घातली, पण खोकं सोडलं नाही.

झालं. चंदेरी पिस्तुलं चण्याफुटाण्यासारखी जाऊ लागली. लाल मुठीचीही गेली. काळ्याकडे लेकरं आधी धावत, हे खरं. उचलत, एक डोळा मिटून नेम धरत, घोडा ओढत, तोंडाने धडाड्‌ करत. आणि मग काय व्हायचं कोण जाणे, परत ठेवून चंदेरी घेऊन जात. मी डबा घेऊन आले की आधी त्या खोक्यात डोकावायचे. एकदा तर तुम्ही भाकरीचा तुकडा मोडता मोडता खोक्याकडे बघून नुसती भुवई उडवली, मला वाटलं आता धरणी पोटात घेईल तर बरं.

मी काय काय केलं तेव्हा! सणासुदीला काळं कोण घेणार, म्हणून प्रत्येकाच्या मुठीला लाल रिबिनीचा गोंडा बांधला. बिचारी पिस्तुलं वरातीला निघाल्यासारखी दिसू लागली आणि तशीच बसून राहिली. मग वाटलं, घोडा कडक आहे, लेकरांचं बोट पुरत नाही. एकेक घरी नेऊन गोडंतेल घातलं. त्याने घोडे लोण्यासारखे चालू लागले आणि तुमच्या मुलाच्या एकुलत्या पांढऱ्या सदऱ्याला तेलाचे ठसे पडले. तो सदरा धुता धुता मी तुम्हाला विचारलं, की दर उतरवू या का. तुम्ही उतरवलाही, माझ्यादेखत. तरी तेच. मग मी म्हटलं, येणाऱ्या बायांनाच विचारते ना, की का घेत नाही. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी आजतागायत पदराला बांधून ठेवलं आहे. "गिऱ्हाइकाले तोंडानं इचारू नोको. त्याले सोताले मालूम नसते. ते म्हनन महाग हाये, म्हनन उद्या येतो. तू बोलू नोको. हातं पाह्य त्याचे." आणि दिवाळीआधीच्या शेवटच्या बाजाराला तुम्ही मला डबा ठेवून थांबायला सांगितलंत. बसायला नाही, थांबायला. मी खांबाला टेकून उभी राहिले आणि लेकरांचे हात बघू लागले.

तुम्हाला तो पोरगा आठवतो का? शेंबडा, नव्या कोऱ्या खाकी चड्डीतला, आईच्या बोटाला धरून आलेला. त्याने काळं उचललं. नेम धरला. धडाड्‌ केलं. आणि मग दोन्ही हात मोकळे करायचे म्हणून, सगळी पोरं करतात तसं, ते चड्डीच्या नाडीत खोचलं. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी फटाक्याची लड लावली आणि पोरगा ती बघायला धावत सुटला. चार पावलं गेला असेल नसेल. आधी पिस्तूल खाली गेलं, त्याच्या मागोमाग चड्डी गेली, आणि भर बाजारात पोरगा बाळकृष्णाच्या अवतारात. आई ओरडली, "अव माय! तरी म्हनलं होतं, हातात धर!" सगळा बाजार हसला. त्या पोराने एका हाताने चड्डी धरली, दुसऱ्या हाताने पिस्तूल आणून खोक्यात ठेवलं आणि मानाने म्हणाला, "मले ते पांढरं द्या."

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडे. तोवर मी तुम्हाला कधी हसताना बघितलं नव्हतं, खरं सांगते. तुमचे खांदे आधी हलायला लागले, मग पदर तोंडात गेला, मग डोळ्यांतून पाणी. "पिस्तूल खराब नाई वं पोरी," तुम्ही कशाबशा म्हणालात, "चड्डी ढिली हाये!" आणि तेच तर होतं. आपल्याकडे दिवाळीची चड्डी कोण मापाची शिवतं? वाढत्या अंगाची शिवायची, दोन दिवाळ्या पुरली पाहिजे. कमरेला मूठभर चुण्या आणि त्यांच्यावर नाडीची गाठ. त्या गाठीत चंदेरी पत्रा मजेत राहतो. माझ्या वडिलांच्या मापाचं लोखंड राहत नाही. दर लेकराने ते एकदा खोचून बघितलं होतं, पोटाशी ओढ लागली की परत ठेवलं होतं, आणि कुठलं लेकरू आपल्या तोंडाने सांगणार, की माझी चड्डी सुटते म्हणून?

त्या संध्याकाळी मी स्वयंपाक कसा केला मला आठवत नाही. जुन्या बाजेची नवार काढली, फाटक्या गादीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड घेतलं, आणि खांद्यावरून तिरपा जाणारा पट्टा, त्याच्या टोकाला पिस्तुलापुरती खोळ, असं हाताने शिवत बसले. एसटीचा कंडक्टर तिकिटाची पिशवी अडकवतो ना, तस्सं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ते उलटंसुलटं करून बघितलंत, शिवण ओढून बघितली आणि खोक्यातलं पिस्तूल त्यात घालून खांबाला लटकवलंत. आधी आला तो कालचाच पोरगा. पट्टा गळ्यात घातला, दोन्ही हात वर करून नाचून बघितलं, चड्डी जागच्या जागी. तो गावभर असा काही छाती काढून फिरला, की दुपारपर्यंत दुकानापुढे लेकरांची रांग. ज्यांनी चंदेरी घेतली होती ती नुसता पट्टा मागायला आली. तुम्ही हात नाचवून सांगितलंत, "पट्टा पिस्तुलासंगच हाये. सुटा नाई." एका आजोबांनी तर विचारलं, "बाई, मोठ्या मानसाच्या मापाचा हाये का?" मी शिवत होते, तुम्ही विकत होता, आणि मध्ये मध्ये आपण दोघी चड्डी आठवून उगीचच हसत होतो.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, दिवेलागणीच्या जरा आधी, खोकं रिकामं झालं. म्हणजे मला तसं वाटलं. कारण एक बाई धापा टाकत आली, "तेवढं एक काळं द्या न," आणि तुम्ही, ज्यांनी कधी गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ दिलं नाही त्या तुम्ही, शांतपणे म्हणालात, "खपले बाई सारे." ती गेली. तुम्ही गुडघा उचललात. खाली काळं पिस्तूल होतं, रिळासकट. "घे," तुम्ही म्हणालात. "अमरावतीच्या दुकानात तुहं तोंड पाह्यलं होतं म्या. जाय, मांगच्या अंगनात फोड. लोकायले दिसू नोको." भावांच्या हातात पिस्तूल आणि माझ्या हातात फुलबाजी, असंच माझं सगळं बालपण गेलं होतं. मी मागच्या अंगणात गेले, हात लांब केला आणि उडवलं. ठो! पुन्हा ठो! गोठ्यातली गाय कान टवकारून बघायला लागली. मागे वळले तर तुम्ही दारात उभ्या. इकडेतिकडे बघून घेतलंत आणि हात पुढे केलात. "आन. मले बी एक उडवू दे." डोळे गच्च मिटून, तोंड वाकडं करून, तुम्ही ते अशा झोकात उडवलंत, की तुमच्या डोक्यावरचा पदर घसरला आणि आपण दोघी तुळशीपाशी मटकन बसून लहान पोरींसारख्या हसलो. हसणं थांबलं तेव्हा तुम्ही उठून दुकानात गेलात. मी मागोमाग आले तर फळीवरच्या पोत्याची चौपदरी घडी तुम्ही उलगडत होता. दुहेरी केलीत, हाताने सपाट केलीत आणि एका कडेला सरकून बसलात. "उभी काय राह्यली?" म्हणालात. "बस."

त्या पोत्यावर मी तुमच्या बाजूला किती वर्षं बसले, आणि तुम्ही गेल्यावर किती वर्षं तुमची जागा रिकामी ठेवून बसले, ते तुम्हाला माहीत असेल नसेल. आज तिथे तुमची नातसून बसते. तिला मी सकाळी एवढंच सांगितलं, की कुणाला विचारू नको, हात बघ. मघाशी ती आली आणि म्हणते, "आई, हातं काई करतच नाईत. लेकरू दाबते अन् हात खाली सोडून पाहत राह्यते. सारं तेच पिस्तूल करते, याले करायले काई उरलंच नाई." पोरगी हुशार आहे, आत्याबाई. तुम्हाला आवडली असती.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तुम्हाला ते वाचून दाखवायला मीच हवी. म्हणून घडी करून इथेच ठेवते. फक्त एक सांगायचं राहिलं. ते काळं पिस्तूल अजून माझ्या पेटीत आहे. त्याचा घोडा कधीच तुटला, ती रिळंही आता मिळत नाहीत. पण दर लक्ष्मीपूजनाला, दिवे लावून झाले की मी ते पदराखाली घेऊन मागच्या अंगणात जाते, कुणी बघत नाही ना ते बघते, हात लांब करते आणि तोंडानेच ठो म्हणते. दोनदा. पहिला माझा. दुसऱ्याला डोळे मिटून घेते.