आबूचे गोखले

प्रिय आई,

परवा आम्ही आबूहून परत आलो. कुलूप उघडलं, बॅगा आत ठेवल्या, आणि कुणी विचारलंच नाही, "काय काय खाल्लंत?"

तुम्ही असताना मी पंचवटीतून भाजी घेऊन आले तरी तुम्हाला सगळं साग्रसंगीत सांगावं लागायचं. आता एवढा प्रवास करून आलो आणि ऐकायला घरात कुणी नाही! सुधीर बरोबरच होता, त्याला काय सांगणार? म्हणून लिहायला बसले. रबडी खाल्ली, आई. पानाच्या द्रोणातली. मागच्या वेळी तुम्ही ज्या टपरीवर "दूध पातळ हाय" म्हणून त्या माणसाशी वाद घातला होतात, तिथेच. आता चांगली आटवतात.

हो, "सुधीर"च लिहिते आहे. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला नावाने हाक मारली तेव्हा तुमच्या हातातली परात खाली पडली होती! मग सगळ्या चांदवडला तुम्ही सांगितलंत, "कॉन्व्हेंटची पोर हाय, तिला कोणी शिकवलंच नाय." त्यात राग किती होता आणि कौतुक किती, हे मला अजून कळलेलं नाही.

आपण दोघी आबूला गेलो तो सुधीरचे अप्पा गेल्यानंतरचा पहिला हिवाळा. चांदवडचं घर सोडून तुम्ही आमच्याकडे नाशिकला राहायला यावं म्हणून सुधीर कित्येक महिने तुमच्या मागे लागला होता. तुम्ही हो म्हणत नव्हतात आणि नाहीही म्हणत नव्हतात. विषय निघाला की उठून कांदे निवडायला बसायचात. तुमच्या शेजारच्या चंपाबाई जैन. त्यांनी तुम्हाला आबूच्या देवळांच्या गोष्टी इतकी वर्षं सांगितल्या होत्या, की "आबूला येता का?" असं मी विचारल्यावर तुम्ही एका दमात हो म्हणालात. निघताना सुधीर माझ्या कानाशी लागला, "तिच्याकडून होकार घेऊनच ये. माझ्याशी ती बोलत नाही."

जशी काही माझ्याशी बोलत होतात!

बसने अहमदाबाद, तिथून रेल्वे, मग घाटातली जीप. वर पोचल्यावर हवा अशी गार, की तुम्ही शालीवर माझा स्वेटर चढवलात, तोही उलटा. तळ्याकाठी खजुराची झाडं, पलीकडे काळे गोल खडक, पाण्यात होड्या. मी विचारलं, "आई, नाशिकला येणार ना? नक्की?"

"हे काय इथं लिहिलंय, नक्की," तुम्ही पाटीकडे बोट दाखवलंत. पाटीवर 'नक्की झील' लिहिलेलं होतं. विषय संपला!

मला तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं. वाटलं, ह्यांना माझं घर नकोच आहे. माझं घर म्हणजे तरी काय, तीन खोल्या आणि एक गॅलरी. पण तुम्ही चांदवडला त्या मोठ्या घरात एकट्या, रात्री कडी लावताना हात कापायचा, हे शेजारी आम्हाला सांगत. सुधीरची झोप उडाली होती. आणि खरं सांगू? माझीही.

दुसऱ्या दिवशी आपण सकाळीच दिलवाड्याला पोचलो. दारावरच्या माणसाने सांगितलं, सकाळ पूजा करणाऱ्या जैन मंडळींची, बाकीच्यांनी दुपारी बारानंतर यायचं. तुम्ही त्याला चंपाबाईंची ओळख सांगितलीत! "चांदवडवाली चंपाबाई. आप पहचानते होंगे." तो बिचारा हात जोडून हसला. मग माझी चामड्याची पर्स चालेना, तीही बाहेर ठेवावी लागली. तुम्ही भिंतीकडे बघत बसलात. बाहेरून ती देवळं अगदी साधी. "ह्याच्यासाठी एवढं हाडं खिळखिळी करून आले? आमची मार्केट कमिटी बरी दिसती ह्याच्यापेक्षा."

आणि मग आत गेलो.

छतातून संगमरवराची कमळं अशी लोंबत होती, की खाली हात धरावा आणि पाकळी पडायची वाट बघावी. तुम्ही मान वर करून उभ्या राहिलात ती राहिलातच. डोक्यावरचा पदर खाली आला तरी कळलं नाही. मी म्हटलं, "आई, मान अवघडेल." तुम्ही हातानेच मला गप्प केलंत.

दुसऱ्या देवळात माहिती सांगणारा माणूस आपल्या घोळक्याला गाभाऱ्याच्या दाराशी घेऊन गेला. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन कोरीव महिरपी. तो म्हणाला, "ये हैं देराणी-जेठाणी के गोखले."

तुम्ही एकदम जाग्या झालात. "कोन गोखले?"

"माताजी, दोनों बहुओं के गोखले."

"अगं माधवी," तुम्ही भर देवळात मला कोपर मारलंत, "गोखल्यांच्या सुना हायेत ह्या! दोघी जावा! आमच्या शाळेतले गोखले मास्तर कधी बोलले नाय, की त्यांच्या घराण्यानं एवढं काम केलंय म्हणून!"

तो माणूस गोंधळला. घोळक्यातले सगळे गुजराथी आपल्याकडे बघायला लागले. मलाही क्षणभर खरंच वाटलं, पेशव्यांच्या वेळी कुणी आले असतील! शेवटी त्याने भिंतीत हात घालून, दिवा ठेवल्यासारखं करून दाखवलं. गोखला म्हणजे भिंतीतली देवाची जागा.

"म्हंजे कोनाडा!" असं म्हणून तुम्ही हसायला लागलात. पदर तोंडाला लावून, भिंतीला हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अप्पा गेल्यापासून मी तुम्हाला पहिल्यांदा हसताना बघत होते. मी पण हसले. पर्स बाहेर होती, रुमाल पर्समध्ये, तुमच्याच पदराला डोळे पुसले.

मग तुम्ही त्याला विचारलंत, "दोघींचे वेगळे कशाला? एकच मोठा करायचा ना." त्याने लोककथा सांगितली. जावाजावांत चुरस होती म्हणे, एकीचं काम दुसरीपेक्षा कमी पडू नये म्हणून दोघींना दोन. तुम्ही दोन्ही कोनाडे परत एकदा नीट पाहिलेत. "शहाण्या होत्या," एवढंच बोललात.

संध्याकाळी सूर्यास्त बघायला गेलो. चढ होता, लोक म्हाताऱ्यांना ढकलगाडीत बसवून नेत होते. तुम्ही म्हणालात, "मेल्यावर बसीन." चालतच गेलात, आणि वर जाऊन दगडावर टेकलात. डोंगर निळे होत गेले. सूर्य अर्धा बुडाल्यावर, माझ्याकडे न बघता, म्हणालात,

"सुधीरला सांग, मी येते. पण मला गोखले पायजेत."

मला कळेना. "म्हणजे काय, आई?"

"तुझी ती गॅलरी. तिला काचा लावून दे. माझे देव, माझा स्टो, माझ्या बरण्या. तिथं तू हात लावायचा नाय."

माझा चेहराच उतरला. "वेगळी चूल? लोक काय म्हणतील? माझ्या हातचं चालत नाही का तुम्हाला?"

"चालतं गं. तुझ्या पोळ्या जाड असतात, तरी चालतं. पण सकाळी उठून दुसरीच्या ओट्यापाशी चोरासारखं उभं राहायचं मला नको. आणि तुला पण नको. मी तुझा डबा इकडचा तिकडं ठेवीन, तू काय बोलणार नाय. तुमच्या कॉन्व्हेंटात भांडायला शिकवत नाय, नुसतं 'इट्स ओके, इट्स ओके' करायला शिकवतात. आतल्या आत कुढशील. मग एक दिवस मला चांदवडला पोचवायला निघशील."

आई, तुम्ही मला इतकं ओळखत होतात? कधीपासून?

खाली उतरल्यावर एसटीडी बूथवरून सुधीरला फोन केला. "आई यायला तयार आहेत. पण त्यांना गोखले पाहिजेत." तो ओरडला, "कोण गोखले?"

मग तुम्ही आलात, गॅलरीला काचा लागल्या, आणि तिला आपल्या घरात ते नावच पडलं. "आई कुठे आहेत?" "गोखल्यांकडे." समोरच्या बाईंनी एकदा हळूच विचारलं, "तुम्ही भाडेकरू ठेवलाय का हो?"

तुम्ही तिथेच पहाटेचा चहा केलात, लोणची घातलीत, ट्रान्झिस्टर लावलात. आणि दुपारी काचेवर टकटक करून मला बोलवायचात, "ये गं, बस घटकाभर." मी आत येऊन स्टुलावर बसायची. माझ्याच घरात मी पाहुणी! मला कुणी काही मागत नव्हतं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नव्हत्या. माहेरीसुद्धा कुणी मला असा आयता चहा हातात दिला नव्हता. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. सांगितलं असतं तर म्हणाला असतात, "आता रडू नको, चहा निवतोय."

एकच तक्रार आहे. शेवटच्या आजारपणात तरी मला सगळं करू द्यायचं होतंत. पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलायला बघत होतात. किती हट्टी!

ह्या वेळी दिलवाड्याला माहिती सांगणारा नवा माणूस होता. तो "देराणी-जेठाणी के गोखले" म्हणाला आणि सुधीरने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं इतके हसलो, की त्याला वाटलं आम्ही त्याच्या हिंदीला हसतोय.

परतीच्या गाडीत सुधीर म्हणाला, "आता गॅलरीची भिंत काढून टाकू. हॉल मोठा होईल." मी सवयीने "चालेल" म्हणणार होते. शब्द ओठांवर आला होता. पण म्हणाले, "नाही. ती जागा मला हवी आहे."

"तुला कशाला? सगळं घरच तुझं आहे."

"सगळं घर सगळ्यांचं असतं," मी म्हटलं. त्याने गाडीच्या खिडकीवरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाला, "काचा पुसून घ्याव्या लागतील."

तर आई, तुम्हाला वचन देते. त्या जागेचं मी तुमचं देऊळ करणार नाही. स्टो कामवालीला हवा आहे, तिला देते. बरण्या माळ्यावर जातील. देव माझ्याबरोबर राहतील, त्यांची काळजी नको. तुमचा फोटो मात्र हॉलमध्ये लावणार आहे, गॅलरीत नाही. रागावू नका. तिथे माझी पुस्तकं येतील, माझी खुर्ची येईल, आणि टकटक केल्याशिवाय कुणीही आत यायचं नाही.

तुम्हीसुद्धा.

तुमची जाड पोळ्यांची सून,
माधवी